‘गाडी पुढच्या वर्षी घेऊ’ : मोटारींवरील खर्च आणि अमेरिकेच्या मंदीचा इतिहास

१/
१९२९ मध्ये अमेरिकेत ४४ लाखांहून अधिक मोटारगाड्या तयार झाल्या. १९३२ मध्ये हा आकडा ११ लाखांवर आला. म्हणजे दर चार गाड्यांपैकी तीन नाहीशा झाल्या. परंतु याच काळात रस्त्यावरील नोंदणीकृत मोटारींची संख्या मात्र सुमारे दहा टक्क्यांनीच घटली. लोक गाड्या चालवीत होते, फक्त नवी घेत नव्हते. या दोन आकड्यांमधील तफावत महामंदीविषयी बरेच काही सांगते. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. अमेरिकेचे ‘ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिस’ हे सरकारी कार्यालय कुटुंबांच्या खर्चाचा हिशेब प्रसिद्ध करते. त्यातील ‘टिकाऊ वस्तू’ या विभागात ‘मोटारवाहने व सुटे भाग’ असे एक सदर असते. नव्या गाड्या, जुन्या गाड्यांची निव्वळ खरेदी, टायर आणि इतर सुटे भाग त्यात येतात. पेट्रोल त्यात येत नाही. विमा आणि दुरुस्तीची मजुरीही येत नाही; ती सेवांच्या खात्यात जाते.

३/
एकूण घरगुती खर्चात या सदराचा वाटा थोड्याच टक्क्यांचा. तरीही अर्थतज्ज्ञ, बँका आणि वृत्तपत्रे त्याकडे डोळे लावून बसतात. का? अन्न, घरभाडे आणि औषधे यांवरील खर्च मंदीतही फारसा हलत नाही. मोटारींवरील खर्च मात्र कोसळतो आणि तेजीत उसळतो. एवढेसे सदर आणि एवढी मोठी हालचाल, म्हणून त्याला निर्देशकाचे महत्त्व.

४/
ही हालचाल इतकी मोठी का, हे समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घ्या. गावात ७०० कुटुंबे, प्रत्येकाकडे एक गाडी, आणि प्रत्येक गाडी सात वर्षे वापरण्याची रीत. म्हणजे गावात दरवर्षी १०० नव्या गाड्या विकल्या जातात. आता एके वर्षी सर्वांनी ठरविले की, गाडी आणखी एक वर्ष चालवू. त्या वर्षी विक्री शून्य! रस्त्यावर मात्र ७०० गाड्या जशाच्या तशा. निम्म्या कुटुंबांनीच थांबायचे ठरविले, तरी विक्री निम्म्यावर येते.

५/
भाकरी पुढे ढकलता येत नाही, मोटार ढकलता येते. टिकाऊ वस्तूचा हा स्वभावच आहे. म्हणून हा आकडा आजच्या सुबत्तेपेक्षा उद्याविषयीच्या मनःस्थितीची नोंद अधिक ठेवतो. नोकरी टिकेल का, हप्ते फिटतील का, या प्रश्नांची उत्तरे लोक तोंडाने देण्याआधी विक्रीच्या वहीत उमटतात.

६/
आता मुळाशी जाऊ. ऑक्टोबर १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ बाजारात आली. किंमत सुमारे ८५० डॉलर. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात सरकती जुळणी साखळी सुरू झाली आणि सांगाडा जोडण्याचा वेळ बारा तासांहून अधिक होता, तो सुमारे दीड तासावर आला. १९२० च्या दशकाच्या मध्यास याच गाडीचे सर्वांत स्वस्त रूप ३०० डॉलरच्याही खाली मिळू लागले.

७/
स्वस्त झाली तरी ती रोकड देऊन घेणे सर्वांना शक्य नव्हते. येथे इतिहासाला वळण देणारी संस्था येते : १९१९ मध्ये जनरल मोटर्सने स्थापन केलेली ‘जनरल मोटर्स अॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन’. तिचे काम एकच, ग्राहकाला हप्त्यांवर गाडी घेता यावी म्हणून पैसा पुरविणे. साधारणपणे किमतीचा तिसरा हिस्सा आधी द्यायचा आणि उरलेली रक्कम सुमारे वर्षभरात फेडायची.

८/
हेन्री फोर्ड यांना कर्जाचा तिटकारा होता. १९२३ मध्ये त्यांच्या कंपनीने उलटी योजना काढली : ग्राहकाने आठवड्याला पाच डॉलर बँकेत साठवावेत आणि पुरेशी रक्कम जमली की गाडी घ्यावी. ग्राहकांनी या काटकसरीकडे पाठ फिरविली. गाडी आज आणि पैसे उद्या, हा सौदा त्यांना अधिक भावला. अखेर १९२८ मध्ये फोर्डलाही स्वतःची पतपुरवठा कंपनी काढावी लागली. तोवर देशातील बहुसंख्य मोटारी हप्त्यांवरच विकल्या जात होत्या.

९/
याच दशकात या उद्योगाने संपूर्ण अर्थव्यवस्थेला हलविण्याची ताकद मिळविली. पोलाद, रबर, काच, रंग, कातडे, खनिज तेल, रस्तेबांधणी हे सारे त्याच्याशी जोडले गेले. मे १९२७ मध्ये फोर्डने दीड कोटींवी मॉडेल टी तयार केली आणि नव्या ‘मॉडेल ए’ साठी कारखाने बंद ठेवले. नवी गाडी डिसेंबरमध्ये आली. मधल्या महिन्यांत हजारो कामगार घरी बसले.

१०/
अमेरिकेतील तेजी-मंदीच्या तारखा ठरविणाऱ्या ‘नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च’ या संस्थेच्या कालगणनेत ऑक्टोबर १९२६ ते नोव्हेंबर १९२७ हा मंदीचा काळ आहे. त्या सौम्य मंदीच्या कारणांत फोर्डच्या या बंदचा उल्लेख इतिहासकार आवर्जून करतात. एका कंपनीने नमुना बदलला आणि त्याची सावली राष्ट्राच्या हिशेबावर पडली!

११/
आता १९२९. मार्चमध्ये अमेरिकेत सुमारे ६ लाख २० हजार वाहने तयार झाली. सप्टेंबरमध्ये सुमारे ४ लाख १५ हजार. शेअर बाजार कोसळला ऑक्टोबरच्या २४ आणि २९ तारखांना. म्हणजे मोटारींनी महिनेभर आधीच इशारा दिला होता, असे म्हणण्याचा मोह होतो. येथे जरा थांबू, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनचिकित्सा सोडता कामा नये.

१२/
बखर हाती आली की आपण विचारतो : कोणी लिहिली, केव्हा, कशासाठी? आकड्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. मोटारींची विक्री हंगामी असते. अमेरिकेत वसंत ऋतूत ती वाढते आणि शरदात उतरते. आपल्याकडे दसरा-पाडव्याला दालनांत रांगा लागतात आणि पितृपक्षात शुकशुकाट असतो, तसेच. पितृपक्षातील विक्री पाहून कोणी मंदी जाहीर करणार नाही. म्हणून आकड्यांतून हंगामाचा परिणाम वजा करावा लागतो. मार्च ते सप्टेंबर ही घट सगळीच संकटाची नव्हती, आणि सगळीच ऋतूचीही नव्हती. औद्योगिक मंदीची सुरुवात ऑगस्ट १९२९ मध्येच झाल्याचे आज मानले जाते.

१३/
बाजार कोसळल्यावर मात्र शंकेला जागा राहिली नाही. अर्थेतिहासकार क्रिस्टिना रोमर यांनी १९९० च्या एका प्रसिद्ध लेखात दाखविले की, पडझडीनंतर लोकांनी सर्वप्रथम हात आखडला तो टिकाऊ वस्तूंवर. किराण्यावरील खर्च तेवढा हलला नाही. शेअर बाळगणारे कुटुंब तेव्हा अल्पसंख्य होते. बहुतेकांचे बाजारात काहीच बुडाले नव्हते. मग त्यांनी गाडी का घेतली नाही?

१४/
रोमर यांचे उत्तर : अनिश्चितता. उद्या काय होईल हे कळेनासे झाले की, माणूस परत फिरविता न येणारा निर्णय टाळतो. किराणा चुकीचा घेतला तर आठवड्यात विसरतो; मोटार चुकीच्या वेळी घेतली तर वर्षभर हप्ते मानेवर बसतात. थांबणे हा प्रत्येक कुटुंबाच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय होता. लक्षावधी कुटुंबांनी तो एकाच वेळी घेतला, आणि तोच राष्ट्राच्या मुळावर आला.

१५/
यात मार्था ओल्नी यांनी दुसरा धागा जोडला. त्या काळच्या हप्ता-करारात एक जीवघेणी अट होती : हप्ता चुकला की गाडी जप्त, आणि तोवर भरलेले पैसेही गेले. दहा हप्ते भरून अकरावा चुकला तरी हाती काही उरत नसे. त्यामुळे आधीच गाडी घेतलेली कुटुंबे हप्ता वाचविण्यासाठी बाकीचा खर्च कापू लागली. नवा कोट राहिला, फर्निचर राहिले. ओल्नी यांच्या मते १९३० मध्ये खप एवढा कोसळण्याचे हे एक मोठे कारण होते.

१६/
या दोन मांडण्या शेजारी ठेवल्या की चित्र पुरे होते. ज्यांच्याकडे गाडी नव्हती किंवा जुनी होती, त्यांनी नवी घेणे पुढे ढकलले. ज्यांनी नुकतीच घेतली होती, त्यांनी ती राखण्यासाठी पोटाला चिमटा घेतला. पहिल्या गटाची भीती मोटारींच्या आकड्यात दिसते. दुसऱ्या गटाची ओढाताण तेथे दिसतच नाही. ती कापडदुकानाच्या गल्ल्यात शोधावी लागते.

१७/
रॉबर्ट आणि हेलन लिंड या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने इंडियाना राज्यातील मन्सी या शहराचा ‘मिडलटाउन’ या टोपणनावाने अभ्यास केला. पहिला ग्रंथ १९२९ मध्ये आला, आणि मंदीनंतर पुन्हा जाऊन लिहिलेला दुसरा १९३७ मध्ये. नव्या गाड्यांची विक्री कोसळली असतानाही पेट्रोल पंपांचा धंदा जवळजवळ टिकून होता, असे त्यांना आढळले. कामगार कुटुंबासाठी गाडी ही चैन उरली नव्हती; ती मान होती, स्वातंत्र्य होते आणि कामाच्या शोधात निघण्याचे साधनही होते.

१८/
आता कारखान्याच्या आत डोकावू. फोर्ड कंपनीत मार्च १९२९ मध्ये सुमारे १ लाख २८ हजार माणसे कामाला होती. ऑगस्ट १९३१ पर्यंत सुमारे ३७ हजार उरली. ‘गाडी पुढच्या वर्षी घेऊ’ या एका वाक्याचा हा दुसरा अर्थ. कामावरून काढलेला कामगार स्वतःही ग्राहक होता. त्याने खरेदी थांबविली की, दुसऱ्या कुणाचे तरी काम जाई.

१९/
७ मार्च १९३२ रोजी डेट्रॉइटमधील बेकार कामगार कडाक्याच्या थंडीत डिअरबॉर्न येथील फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यावर मोर्चा घेऊन निघाले. त्यांच्या मागण्या काम आणि मदतीच्या होत्या. पोलीस व कंपनीचे रखवालदार यांनी गोळीबार केला. त्या दिवशी चौघे मृत्युमुखी पडले. पाचवा पुढे दगावला. इतिहासात ही घटना ‘फोर्ड हंगर मार्च’ म्हणून ओळखली जाते. ज्या वर्षाच्या रकान्यात ‘११ लाख मोटारी’ असे लिहिले आहे, त्याच वर्षाची ही गोष्ट आहे.

२०/
वर्षभराने संकट बँकांपर्यंत पोचले. १४ फेब्रुवारी १९३३ रोजी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यातील सर्व बँका बंद ठेवण्याचा आदेश दिला. डेट्रॉइटच्या बँकांचे भवितव्य मोटारउद्योगाशी घट्ट बांधलेले होते. घबराट राज्याराज्यांत पसरली आणि ६ मार्चला, नवे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सूत्रे घेतल्यानंतर दोनच दिवसांनी, संपूर्ण देशातील बँका बंद करण्यात आल्या.

२१/
विशेष म्हणजे हे सर्व घडत असताना सरकारकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा नीट हिशेबच नव्हता! मालगाड्यांची वाघिणी-भरती, पोलादाचे उत्पादन, शेअरभाव अशा तुकड्यांवरून अंदाज बांधले जात. १९३२ मध्ये सिनेटने ठराव करून हा हिशेब मागविला. सायमन कुझ्नेट्स यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला आणि जानेवारी १९३४ मध्ये सादर झाला. तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आल्याचे त्यातून दिसले. आजचे ‘मोटारवाहने व सुटे भाग’ हे सदर याच हिशेबपरंपरेचे अपत्य आहे.

२२/
या निर्देशकाच्या मर्यादा युद्धाने दाखविल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन बंद करण्यात आले. कारखान्यांतून रणगाडे, विमाने आणि इंजिने बाहेर पडू लागली. नव्या गाड्यांवरील घरगुती खर्च जवळजवळ संपला, आणि अर्थव्यवस्था मात्र पूर्ण वेगाने धावत होती. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, ‘घोर मंदी!’ लोकांनी घेतले नाही आणि लोकांना मिळाले नाही, या दोन गोष्टी आकड्यात सारख्याच दिसतात.

२३/
युद्धानंतर मंदी परतणार, असे अनेकांना वाटत होते. मिशिगन विद्यापीठात जॉर्ज कटोना या हंगेरीत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली : लोकांनाच विचारू या. १९४६ पासून त्यांच्या पाहण्या सुरू झाल्या. आजही त्या परंपरेत विचारले जाते, गाडी घेण्यासाठी सध्याचा काळ चांगला की वाईट? खर्च होण्याआधीच मन वाचण्याचा हा प्रयत्न होता.

२४/
१९५७ चा सप्टेंबर. फोर्डने प्रचंड जाहिरातीसह ‘एडसेल’ ही गाडी बाजारात आणली. दुर्दैव असे की, मंदी ऑगस्टमध्येच सुरू झालेली होती. अमेरिकेतील मोटार उत्पादन १९५७ मधील सुमारे ६१ लाखांवरून १९५८ मध्ये सुमारे ४२ लाखांवर घसरले. एडसेलच्या रूपाला आणि नावाला लोक आजही हसतात. पण तिने कोणत्या महिन्यात बाजारात पाऊल टाकले, हेही पाहिले पाहिजे. नोव्हेंबर १९५९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

२५/
निर्देशक फसवितो कसा, याचे उत्तम उदाहरण ऑक्टोबर २००१. अमेरिका मंदीत होती, सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांना जेमतेम महिना झाला होता, आणि मोटारविक्रीने विक्रम केला! वार्षिक दराने मोजल्यास २ कोटी १० लाखांहून अधिक. कारण, जनरल मोटर्सने बिनव्याजी कर्ज देऊ केले आणि इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. ही सुबत्तेची खूण नव्हती. पुढच्या महिन्यांतील ग्राहक आजच दारात ओढून आणले होते.

२६/
२००९ मध्ये हेच सरकारने केले. २००७ मध्ये १ कोटी ६० लाखांच्या आसपास असलेली वार्षिक विक्री २००९ मध्ये १ कोटी ४ लाखांपर्यंत खाली आली होती. क्रायस्लर एप्रिलमध्ये आणि जनरल मोटर्स जूनमध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेल्या होत्या. जुनी, पेट्रोल पिणारी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यास ४,५०० डॉलरपर्यंत अनुदान मिळाले. आतिफ मियाँ आणि आमिर सूफी यांच्या अभ्यासानुसार, या योजनेने वाढलेली विक्री मार्च २०१० पर्यंत जवळजवळ तेवढ्याच घटीने पुसली गेली.

२७/
आणखी एक सापळा २०२१ चा. चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, म्हणून लोक जुन्यांकडे वळले. जून २०२१ मध्ये तेथील जुन्या गाड्यांचे भाव वर्षभरापूर्वीच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी चढले होते. डॉलरमध्ये खर्च फुगलेला दिसतो, गाड्या मात्र तेवढ्या वाढलेल्या नसतात. म्हणून प्रश्न नेहमी दोन विचारावेत : किती पैसे गेले, आणि किती गाड्या घरी आल्या?

२८/
या कथेला मुंबईचाही एक दुवा आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने येत आणि येथे त्यांच्या शेव्हरोले गाड्या बनत. म्हणजे महामंदी येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी डेट्रॉइटच्या भरभराटीची एक फांदी मुंबईच्या बंदरापर्यंत पोचलेली होती.

२९/
एवढ्या प्रवासातून वाचनाची चार सूत्रे हाती येतात. एक, हंगाम वजा करा. दोन, भाव आणि नग वेगळे करा. तीन, लोकांनी घेतले नाही की त्यांना मिळाले नाही, हे तपासा. चार, सवलत किंवा स्वस्त कर्ज आहे का ते पाहा. असेल तर आजच्या वाढीत उद्याची घट लपलेली असू शकते. ही चार पथ्ये पाळली, तर मोटारींचा आकडा समकालीन पत्रव्यवहाराइतका बोलका ठरतो.

३०/
आणि पाचवी गोष्ट पथ्याची नव्हे, जाणिवेची. हा निर्देशक त्यांच्याविषयी बोलतो, ज्यांना थांबणे परवडते. ज्याच्याकडे गाडी कधी नव्हतीच, तो या सदरात तेजीतही नसतो आणि मंदीतही नसतो. रिव्हर रूजच्या फाटकासमोर उभे असलेले कामगार या आकड्यात ग्राहक म्हणून शोधून सापडणार नाहीत. परंतु तो आकडा घसरला म्हणूनच ते तेथे होते. १९३२ च्या रकान्यातील ‘११ लाख’ वाचताना त्या फाटकाचीही आठवण ठेवावी.

थ्रेड समाप्त. आपल्या घरी पहिली गाडी केव्हा आली आणि ती घेण्याचा निर्णय कितीदा पुढे ढकलला गेला, हे वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. उत्तरांत त्या त्या वर्षांचा आर्थिक इतिहास ऐकू येईल.